एम्बॉसिंग करताना पुठ्ठा का फुटतो?

तुमचा प्रश्न असा आहे: पत्रिकेवर गणपतीचा उठाव घेतला की सोंडेच्या कडेला पुठ्ठा फुटतो, करडी रेघ दिसते, दोष डायचा (उठाव मारायच्या साच्याचा) की पुठ्ठ्याचा? आणि थरांचा हा पुठ्ठा मुळात बनतो कसा?

मी वीसेक वर्षं पंचिंग आणि एम्बॉसिंगचं, म्हणजे कागदावर उठाव काढायचं, काम करतोय. डायच्या नावाने खूप बोटं मोडली जातात, पण बहुतेक वेळा कारण पुठ्ठ्याच्या पोटात असतं.

एक करून बघा. त्याच पत्रिकेचा तुकडा तासभर पाण्यात ठेवा आणि कोपऱ्यावरून नखाने सोला. थर सुटे होतील: वर पांढरा, आत करडा. वाटतं तसे हे कोरडे कागद डिंकाने चिकटवलेले नसतात. गिरणीत प्रत्येक थराचा लगदा वेगवेगळ्या जाळीवर घेतात आणि पाणी निथळत असताना, थर ओले असतानाच, एकावर एक बसवून दाबतात. मध्ये बऱ्याचदा स्टार्चचा फवारा मारतात. ओले तंतू एकमेकांना भिडतात आणि सुकताना घट्ट धरून ठेवतात. नळकांड्यासारख्या फिरत्या जाळीवर कागद धरायच्या यंत्राचं पेटंट इंग्लंडच्या जॉन डिकिन्सनने 1809 मध्ये घेतलं. तशी नळकांडी एकापुढे एक लावूनच पुढे थरांचा पुठ्ठा निघू लागला. शेवटी वरच्या बाजूला चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप चढतो, छपाई त्याच्यावर होते.

थर कशासाठी? पुठ्ठा वाकताना सर्वात जास्त ताण बाहेरच्या दोन बाजूंवर येतो. म्हणून चांगले तंतू बाहेर आणि स्वस्त, फुगीर माल मध्ये. तोच माल असेल तर जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, त्यामुळे पोटात काहीही भरलं तरी पुठ्ठा हाताला कडक लागतो. ग्रे बॅक डुप्लेक्समध्ये, म्हणजे वरून पांढऱ्या, मागून करड्या पुठ्ठ्यात, हे पोट रद्दीच्या लगद्याचं असतं.

एम्बॉसिंगमध्ये मात्र पुठ्ठा वाकत नाही, ताणला जातो. खोलगट ब्लॉक, म्हणजेच डाय, एका बाजूला, त्याचा उठावाचा जोड दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पुठ्ठा. रद्दीचे तंतू आखूड झालेले असतात, दरवेळी वाळून कडक झालेले असतात; ते ताण सोसत नाहीत. आधी लेप तडकतो, मग पांढरा थर. तुम्हाला दिसते ती करडी रेघ म्हणजे पुठ्ठ्याचं पोट.

एका मे महिन्यात माझ्याकडे असंच काम आलं होतं, 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम) ग्रे बॅक, गिऱ्हाइकाने स्वतः आणलेला. सोंडेच्या वळणावर प्रत्येक ताव फुटत होता. मी ब्लॉक बदलला, तरी तेच. मग आमच्या उस्तादांनी एक ताव कानाजवळ धरून हलकेच वाकवला. पापडासारखी कुरकुर ऐकू आली. माल पत्र्याखाली पडून पार सुकला होता. गठ्ठे सोडून, ताव मोकळे करून रात्रभर ओल्या चादरी टांगलेल्या खोलीत ठेवले. सकाळी निम्म्याहून जास्त उठाव नीट आला, पण सोंडेच्या बारीक रेषा फुटतच राहिल्या. ते काम शेवटी कोऱ्या लगद्याच्या, म्हणजे रद्दी नसलेल्या, बोर्डावर पुन्हा छापावं लागलं.

त्यामुळे खोल उठाव हवा असेल तर कोऱ्या लगद्याचा बोर्ड मागा. डुप्लेक्सच वापरायचा असेल तर आधी वरून प्लास्टिक फिल्मचं लॅमिनेशन करून घ्या, फिल्म वरचा थर धरून ठेवते, आणि उठाव कमी ठेवा. डायचा दोषही असतो, नाही असं नाही: कडा उभी कापलेली असेल तर ती सुरीसारखी लागते. ब्लॉक बनवणाऱ्याला कडेला उतार द्यायला सांगा. खोलीचे टप्पे असलेला गणपती हवा असेल तर झिंक किंवा मॅग्नेशियमपेक्षा कोरलेला पितळी ब्लॉक घ्या, महाग पडला तरी.

आणि ऑर्डर देण्याआधी, ज्या गठ्ठ्यातून पत्रिका छापणार त्याच गठ्ठ्यातले चार ताव प्रेसवर न्या आणि समोर उभं राहून उठाव मारून बघा.