देवाची इच्छा शोधताना सुरुवात कुठून करावी

नोकरी कुठली, लग्न कोणाशी, असे प्रश्न घेऊन लगेच चिन्हं शोधू नका. आधी बायबलमध्ये जे स्पष्ट लिहिलंय ते धरा: १ थेस्सलनीकाकरांस ४:३ मध्ये पवित्रीकरण, ५:१८ मध्ये सर्व स्थितीत उपकारस्तुती, मीखा ६:८ मध्ये न्याय, दया आणि देवाबरोबर नम्रपणे चालणं. यातलं एखादं जाणूनबुजून टाळत असाल, तर पुढच्या वर्षाचं मार्गदर्शन मागण्यात फारसा अर्थ नाही.

रोमकरांस १२:२ मधला क्रम पाहा. मनाचं नवीकरण आधी, देवाची इच्छा ओळखणं नंतर. त्यासाठी रोज वाचन हवं, तेही सलग. मार्कचं शुभवर्तमान १६ अध्यायांचं आहे. रोज एक घ्या. पान उघडेल तिथलं वचन उचललं की गल्लत होते. यिर्मया २९:११ (‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’) सगळ्यांना पाठ असतं, पण त्याआधी बाबेलची ७० वर्षं पूर्ण व्हायची होती, हे दहावं वचन कोणी सांगत नाही! हा अध्याय म्हणजे यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे.

गिदोनाची लोकरही नमुना म्हणून वापरू नका. शास्ते ६ मध्ये त्याने रात्री लोकर ठेवून, तिच्यावर दव पडतं की नाही यावरून देवाकडे चिन्ह मागितलं. पण लढायला जाण्याची आज्ञा त्याला आधीच मिळाली होती. लोकर ही त्याच्या शंकेची खूण.

निर्णय मोठा असेल तर दोन-तीन परिपक्व विश्वासणाऱ्यांना विचारा (नीतिसूत्रे १५:२२). फक्त होकार देणारे निवडू नका, तुमचे दोष ठाऊक असलेले निवडा. आणि वाट अडली म्हणजे पाप घडलंच असं नाही: प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये प्रचाराला निघालेल्या पौलाला आसिया आणि बिथुनिया या दोन्ही प्रांतांकडे जाताना पवित्र आत्म्याने अडवलं, मग मासेदोनियाचं बोलावणं आलं. तोवर तो चालतच होता.