रंगावर जाऊ नका, आधी ठिपका कापून बघा

तुमचे तिन्ही फोटो पाहिले. डोंगरातल्या ओढ्यालगतचा ओला खडक, त्याला रंगाच्या थरासारखं चिकटलेलं, लोखंडाच्या गंजाच्या रंगाचं लायकेन (म्हणजे दगडफूल, बुरशी आणि शैवाल यांची जोडी), मध्ये बारीक ठिपके. हे कुठलं आणि दुर्मीळ आहे का, हा तुमचा प्रश्न. नुसत्या फोटोवरून मी नाव सांगणार नाही, पण नावापर्यंत कसं जायचं ते सांगतो.

गंजी रंगाला भुलून मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय. लोह जास्त असलेल्या खडकावर एरवी करडं असणारं लायकेनही लोहाचे ऑक्साइड साठवून नारिंगी होतं. पोर्पिडिया या लायकेनात हे बऱ्याचदा दिसतं. मी मात्र तेव्हा रंगावरूनच दोन पानं टिपणं लिहून मोकळा झालो होतो! शिवाय तुमचे तिन्ही फोटो ओल्या अवस्थेतले. भिजलं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतल्या शैवालाची हिरवी छटा वर येते. तोच तुकडा वाळल्यावर पुन्हा टिपा.

आता ठिपके, म्हणजे बीजाणू तयार करणारे भाग. दहापट भिंगातून बघा. वाटीसारखी किंवा सपाट उघडी तबकडी दिसली तर ते अपोथेशियम. काळा उंचवटा आणि टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक असेल तर पेरिथेशियम, म्हणजे गाडी व्हेरुकेरिया, हायड्रोपंक्टारिया, स्टॉरोथेले या लायकेनांकडे वळते. सतत पाण्याखाली राहणाऱ्या खडकावर हीच मंडळी जास्त. म्हणून तुमचा तुकडा पाण्याच्या पातळीपासून किती वर होता, पाण्यात होता, तुषारात होता की नुसत्या झिरपणीवर, हे जरूर लिहा. फोटोत ते कळत नाही.

मला तुमच्या फोटोत थॅलसमध्ये (लायकेनच्या मूळ थरात) रुतलेल्या, त्याच रंगाच्या तबकड्या वाटतात. तसं असेल तर पहिला संशय आयोनॅस्पिस लॅकुस्ट्रिसवर (काही पुस्तकांत हेच हायमेनेलिया लॅकुस्ट्रिस). आणि ते काही फार दुर्मीळ नाही, तेव्हा जरा दमानं. तबकड्या काळ्या असतील तर ऱ्हायझोकार्पॉन लाव्हाटम किंवा पोर्पिडिया यांचा विचार करावा लागेल.

खरा निकाल छेदात लागतो. तबकडीवर पाण्याचा थेंब टाकून ती मऊ होऊ द्या. नवं कोरं ब्लेड घ्या, जुन्यानं चुरा होतो. उभा काप जितका पातळ जमेल तितका, दहा काढले तर दोन कामाचे निघतात. आधी साध्या पाण्यातच बघा, कारण पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं की काही रंगद्रव्यांचा रंग बदलतो. तो थेंब नंतर घाला. पेशी सुट्या होतात आणि काचेवर हलकं दाबलं की बीजाणूंच्या पिशव्या पसरतात. बीजाणू एकाच कप्प्याचे, रंगहीन, साधे लंबगोल असतील तर आयोनॅस्पिसची बाजू भक्कम. आडव्याउभ्या पडद्यांनी विटांच्या भिंतीसारखे दिसले तर ऱ्हायझोकार्पॉन. एकच कप्पा, पण भोवती पारदर्शक चिकट वलय असेल तर पोर्पिडिया. तिथे आयोडीन घालून पिशवीच्या टोकाशी निळी नळी दिसते का तेही बघा. निदान दहा बीजाणू मोजा, एकावर विसंबू नका.

ब्लीच आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब थॅलसवर टाकून रंग बघण्याची परीक्षा जरूर करा, पण पाण्यातली ही लायकेनं बहुधा काहीच रंग देत नाहीत.

नमुन्यासाठी अख्खं ठिगळ खरवडू नका. असली लायकेनं वर्षाला मिलिमीटरभरही वाढतील याची खात्री नसते. परवानगी लागत असेल तर ती घेऊन, कडेची नखाएवढी कपची पुरे. ती कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी चढते. छेदाचा आणि बीजाणूंचा फोटो मोजपट्टीसकट इथेच टाका, मग पुढे बघू.