परजीवीला 'ताण' येतो की 'तणाव'?

मुंबईतील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीने विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी तक्ता तयार केला आहे. त्याचे शीर्षक 'एकपेशीय परजीवींचा पर्यावरणीय तणावाला आण्विक प्रतिसाद' असे आहे. त्यात 'तणाव' योग्य की 'ताण', आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकात 'स्ट्रेस'साठी दिलेला 'प्रतिबल' हा शब्द इथे चालेल का, अशी तिची विचारणा आहे.

'प्रतिबल' चालणार नाही. एकक क्षेत्रफळावर किती बल आहे, हे सांगणारा तो शब्द आहे. पुलाच्या तुळईविषयी लिहिताना तो अचूक ठरतो, पेशीविषयी लिहिताना निरर्थक होतो. खरा प्रश्न उरतो तो पहिल्या दोन शब्दांचा. त्यांच्यातला फरक शब्दकोशापेक्षा त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांत अधिक स्पष्ट दिसतो. तणाव 'निर्माण होतो', 'वाढतो', 'निवळतो'. त्याला बहुधा दोन पक्ष लागतात, म्हणूनच वर्तमानपत्रांत दोन गटांत तणाव असतो आणि मग 'तणावपूर्ण शांतता' पसरते. ताण मात्र कोणावर तरी 'येतो' किंवा 'पडतो', आणि ज्याच्यावर पडतो त्याला तो सोसावा लागतो. डोळ्यांवर ताण येतो. पावसात एक रेल्वेमार्ग बंद पडला की दुसऱ्या मार्गावरच्या लोकलगाड्यांवर ताण पडतो. मनाविषयी बोलताना आपण दोन्ही शब्द वापरतो आणि 'ताणतणाव' असा जोडशब्दही करतो, परंतु परजीवीची ती एकच पेशी म्हणजे त्याचे संपूर्ण शरीर. तिथे मनाची छटा वाचकाला चुकीच्या वाटेने नेईल.

'ताण' शब्दाच्या बाजूने याहून मोठा पुरावा आपल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात आहे. डाळिंब, मोसंबी, संत्रे यांच्या बागांना बहर धरण्यापूर्वी पाणी तोडतात, त्याला 'बाग ताणावर सोडणे' म्हणतात. सांगोल्याकडच्या एका डाळिंबाच्या बागेत मी ते जवळून पाहिले आहे: जमीन भेगाळलेली, पाने पिवळी पडून फांद्यांखाली साचलेली, आणि मालक मात्र निश्चिंत, कारण ताण नीट बसला होता. पुढे हलके पाणी देऊन 'ताण तोडला' की त्याच फांद्यांवर कळी दिसू लागते. म्हणजे या व्यवसायाच्या भाषेत ताण म्हणजे नुसता त्रास नव्हे. झाडाला जीवनाच्या पुढच्या टप्प्याकडे वळवणारी ती खूण आहे.

एकपेशीय परजीवींच्या बाबतीत जीवशास्त्रज्ञ 'स्ट्रेस' म्हणतात, तेव्हा त्यांना नेमके हेच अभिप्रेत असते. काळा आजार घडवणारा लेशमानिया सँडफ्लाय माशीच्या पोटात लांबट, शेपटीसारखी कशाभिका असलेला असतो. माणसाच्या भक्षकपेशीत शिरल्यावर त्याला अधिक उष्णता आणि अधिक आम्लता सोसावी लागते, आणि तो आखडून गोल होतो. त्याच्या काही जातींच्या बाबतीत प्रयोगशाळेत तापमान ३७ अंशांपर्यंत वाढवून माध्यमाचा सामू ५.५ च्या आसपास आणला, तरी माणसाच्या पेशीविना हे रूपांतर घडवता येते. ताण दिला आणि टप्पा बदलला.

मलेरियाच्या परजीवीत तर 'ताण तोडणे'सुद्धा सापडते. प्लाझमोडियम फाल्सिपेरम तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन पचवून त्यातून अमिनो आम्ले मिळवतो, परंतु प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसीन हे एक अमिनो आम्ल नसतेच, त्यामुळे तेवढे त्याला रक्तद्रवातून घ्यावे लागते. तो पुरवठा थांबवला की परजीवीतील एक विकर प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या घटकावर फॉस्फेट चिकटवते, त्यामुळे नवी प्रथिने बनण्याचा वेग उतरतो आणि परजीवी जवळजवळ निपचित होऊन काळ काढतो. आयसोल्युसीन पुन्हा मिळाले की वाढ पुन्हा चालू होते. डाळिंबाच्या बागेसाठी वापरलेला शब्द इथे अक्षरशः बसतो, म्हणून माझे मत निःसंदिग्धपणे 'ताण' या शब्दाला आहे.

विचारलेले नसले तरी शीर्षकातील आणखी दोन शब्दांविषयी सांगणे भाग आहे. 'आण्विक' हा शब्द हिंदीतून आला आहे. हिंदीत 'अणु' म्हणजे मॉलिक्यूल आणि 'परमाणु' म्हणजे ॲटम. मराठीत मात्र ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. मराठी वाचक 'आण्विक' वाचून तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे जाईल. इथे 'रेणवीय' किंवा सरळ 'रेणूंच्या पातळीवरील' असे लिहावे. दुसरा शब्द 'पर्यावरणीय'. तो चुकीचा नाही, पण त्याने झाडे आणि प्रदूषण डोळ्यांसमोर येते, आणि ज्याचे सारे जग एका तांबड्या पेशीएवढे आहे त्याच्यासाठी 'भोवताल' हा शब्द मला अधिक खरा वाटतो. 'परजीवी' आणि 'प्रतिसाद' उत्तम आहेत. तेव्हा शीर्षक असे करता येईल: 'भोवतालच्या ताणाला एकपेशीय परजीवींचा रेणूंच्या पातळीवरील प्रतिसाद'.

तक्त्याच्या मजकुरात 'उष्माघात प्रथिने' असा उल्लेख असल्याचेही तिने कळवले आहे, तो बदलावा. उष्माघात म्हणजे उन्हाचा झटका, हे मराठीत इतके रुजले आहे की वाचकाला ती प्रथिने रुग्णाच्या शरीरातली वाटतील. इटालियन शास्त्रज्ञ फेरुच्चिओ रितोसा यांनी १९६२ मध्ये फळमाशीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रांवर उष्णतेमुळे फुगवटे येतात असे नोंदवले, त्यातून पुढे या प्रथिनांचा शोध लागला आणि 'हीट शॉक' हे नाव त्यांना चिकटले. प्रत्यक्षात त्यांचे काम निराळे आहे: डासाच्या शरीरातून माणसाच्या ३७ अंशांत आणि तिथून तापाच्या ४० अंशांत जाताना परजीवीची इतर प्रथिने उलगडू लागतात, त्यांना धरून ठेवणे आणि पुन्हा नीट घडी घालू देणे. इंग्रजीत अशा प्रथिनांना 'शॅपरोन' म्हणतात. नव्या नवरीबरोबर सासरी जाऊन चार दिवस तिच्या सोबतीला राहणाऱ्या बाईला मराठीत पाठराखीण म्हणतात, आणि अनोळखी घरात प्रवेश करणाऱ्या परजीवीच्या संदर्भात 'पाठराखी प्रथिने' याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.