बेवारस म्हणून पुरलेला मृतदेह भावाचा असेल तर?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी भाऊ पुण्यातून बेपत्ता झाला. मिसिंगची तक्रार दिली होती. आता कळलं, त्याच आठवड्यात भीमेच्या पात्रात सापडलेला एक अनोळखी मृतदेह बेवारस म्हणून पुरला. फोटोत चेहरा ओळखू येत नाही, पण शर्ट त्याचाच वाटतो. भावाच्या पायात अपघातानंतर रॉड होता. पोलीस म्हणतात, बुडून मेला. विमा कंपनी म्हणते, सात वर्षं थांबा.

उत्तर : ताई, सात वर्षांचं आधी डोक्यातून काढा. साक्ष्य अधिनियमाचं कलम १११ ज्याचा काहीच ठावठिकाणा नाही त्याच्यासाठी आहे. त्यातही माणूस मेला एवढंच गृहीत धरतात, कधी मेला ते नाही. एलआयसीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हेच सांगितलं; तिथे मधल्या काळात हप्ते थकून पॉलिसी बंद पडली होती. तेव्हा हप्ते भरत राहा.

मृतदेह सापडला त्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद असणार. पंचनामा आणि पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टच्या प्रती लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. डीएनएसाठी दात किंवा हाड राखून ठेवलंय का, हेही त्याच अर्जात विचारा. ठेवलं असेल तर उकरायची गरजच नाही. पोलिसांच्या पत्रावर आईचं रक्त प्रयोगशाळेत जाईल. आईवडील हयात असताना भावंडांच्या नमुन्यावर विसंबू नका.

नसेल ठेवलं, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मृतदेह त्यांच्याच आदेशाने बाहेर काढता येतो. अर्जाला रॉडचे जुने एक्स-रे जोडा. स्क्रू किती, कुठे, कोणत्या कोनात, हे हाडाशी ताडून पाहता येतं. रॉडवर बॅच नंबर असतो; ऑपरेशनच्या कागदांवर त्याचा स्टिकर सापडतो का बघा. माझ्या मते शर्टापेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम.

ओळख पटली म्हणजे कारण ठरलं असं नाही. पाण्यातून निघालेला प्रत्येक जण बुडूनच मेलेला नसतो. रिपोर्टवर ‘ओपिनियन रिझर्व्ह’, म्हणजे कारणाबद्दलचं मत राखून ठेवलंय, असं असेल तर व्हिसेराचा, म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांचा, अहवाल आला का, विचारा. कुजलेल्या देहात फुप्फुसं फारसं सांगत नाहीत; मांडीच्या हाडातल्या मज्जेत डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, शोधतात आणि नदीच्या पाण्याशी ताडतात. ते सापडले नाहीत म्हणून बुडणं नाकारता येत नाही, हेही खरं. गळा दाबला होता का ते कळावं म्हणून, गळ्यातलं कंठास्थी हे हाड मोडलंय का, हे तपासायची विनंती अर्जात स्वतंत्रपणे लिहा.

मृत्यूची नोंद ‘अनोळखी पुरुष’ म्हणून आधीच झालेली असेल, तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली तीच दुरुस्त करून घ्या. नवी करायला गेलात तर एका मृत्यूच्या दोन नोंदी होतील, आणि दावा अडवायला विमा कंपनीला तेवढं पुरे.