‘विशेष वकील’ हा कोणाचा वकील?

एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांसारख्या बड्या व्यक्तींची चौकशी करायला जो ‘स्पेशल कौन्सेल’ नेमतात त्या पदासाठी मराठी बातम्यांत ‘विशेष वकील’, ‘विशेष सरकारी वकील’, ‘विशेष अभियोक्ता’ आणि ‘विशेष तपास अधिकारी’ असे चार शब्द आलटून पालटून दिसतात, यंत्राने केलेल्या भाषांतरात तर ‘विशेष समुपदेशक’ही सापडतो, यांतला बरोबर शब्द कोणता? त्यांचा एक जोडप्रश्नही आहे: डोनाल्ड ट्रम्प या चौकशांना सतत ‘विच हंट’ म्हणत आले, त्याला मराठीत काय म्हणावे?

समुपदेशक आधी निकालात काढतो. समुपदेशक दहावीच्या निकालानंतर मुलांशी बोलतो, कुटुंब न्यायालयात नवरा-बायकोला समोरासमोर बसवतो. माजी राष्ट्राध्यक्षावर खटला भरणे हे त्याचे काम नव्हे. इंग्रजी ‘कौन्सेल’चा एक अर्थ सल्ला आणि दुसरा न्यायालयात बाजू मांडणारा वकील, आणि यंत्राने पहिला उचलला, इतकीच ती गंमत आहे. उरलेल्या चार शब्दांचे मात्र तसे नाही. या पदावरून अमेरिकेत पन्नास वर्षे जो वाद चालू आहे, त्याचा एकेक निकाल या प्रत्येक शब्दात आधीच लिहून ठेवलेला आहे, त्यामुळे शब्द निवडताना आपण नकळत एका पक्षाच्या बाकावर जाऊन बसतो.

मुळात अमेरिकनांनीच या पदाचे नाव दोनदा बदलले आहे. वॉटरगेट प्रकरणात मे १९७३ मध्ये आर्चिबाल्ड कॉक्स यांची नेमणूक झाली तेव्हा ते ‘स्पेशल प्रॉसिक्युटर’ होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयातील संभाषणांच्या ध्वनिफिती मिळाल्याच पाहिजेत असा आग्रह त्यांनी धरला, म्हणून २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी रात्री निक्सन यांनी त्यांना काढून टाकण्याचा हुकूम दिला. अ‍ॅटर्नी जनरल (तिथल्या न्याय खात्याचे प्रमुख) इलियट रिचर्डसन आणि त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनी तो मानला नाही, दोघांनाही पद सोडावे लागले, आणि शेवटी तिसऱ्या क्रमांकावरच्या रॉबर्ट बोर्क यांनी त्यावर सही केली. या रात्रीची आठवण ठेवूनच १९७८ चा कायदा झाला. त्याने असा तपास करणाऱ्याची निवड तीन न्यायाधीशांच्या मंडळाकडे सोपवली. १९८३ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन पदाचे नाव ‘इंडिपेंडंट कौन्सेल’ झाले. कारण शब्दचर्चेच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे: ‘प्रॉसिक्युटर’ या शब्दाला वॉटरगेटचा इतका वास चिकटला होता की, ज्याच्यामागे तो लागला तो माणूस चौकशीआधीच गुन्हेगार वाटू लागे.

पुढे अशाच एका ‘इंडिपेंडंट कौन्सेल’चा, केनेथ स्टार यांचा, तपास आर्कान्सामधल्या एका जमीन-व्यवहारापासून निघून राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या खासगी आयुष्यापर्यंत पोहोचला, दोन्ही पक्षांना त्या कायद्याचा वीट आला, आणि ३० जून १९९९ रोजी तो कोणीही वाचवायला न येता संपला. त्याच्या जागी न्याय खात्याने स्वतःची नियमावली केली आणि ‘स्पेशल कौन्सेल’ हे आजचे नाव आले. या नावातून ‘इंडिपेंडंट’ गेले आहे, आणि ते विसरून चालणार नाही. १९९९ नंतरच्या पदाला मराठीत ‘स्वतंत्र’ म्हणणे ही त्यामुळे साधी चूक आहे, कितीही भारदस्त वाटले तरी.

आता ‘विशेष सरकारी वकील’. मराठी वाचकाला हा शब्द ऐकताच उज्ज्वल निकम डोळ्यांसमोर येतात, १९९३ चे बॉम्बस्फोट आणि २६/११ चे खटले आठवतात. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४(८) प्रमाणे, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८(८) प्रमाणे, दहा वर्षांहून कमी नाही इतकी वकिली केलेल्या व्यक्तीला एखाद्या खटल्यासाठी असे नेमता येते. पण हा वकील तपास करत नाही. तपास पोलिसांचा, न्यायालयात उभे राहणे वकिलाचे, ही आपल्याकडची वाटणी आहे, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सहायक सरकारी अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या ताब्यातून बाहेर काढायला सांगून ती भिंत अधिक पक्की केली. अमेरिकेतल्या या पदाला नियमांनी तपासाचे आणि खटला चालवण्याचे असे दोन्ही अधिकार दिले आहेत. शिवाय तो सरकारबाहेरचा माणूस असावा असे नियमावलीच सांगते. या पदावर आलेले जॉन डरहॅम आणि डेव्हिड वाइस हे दोघे नेमणुकीच्या वेळी सरकारी सेवेतच होते, त्यावर आक्षेप निघाला तो याच वाक्यावर बोट ठेवून. तेव्हा ‘सरकारी’ हा शब्द अर्थ सोपा करतो खरा, पण नेमका वादाचा मुद्दा पुसून टाकतो.

‘विशेष तपास अधिकारी’ उलट्या बाजूने अपुरा पडतो, कारण त्यातून खटला गळतो आणि आपल्या ‘विशेष तपास पथका’चा प्रमुख समोर येतो. ‘अभियोक्ता’ हा शब्द मला एरवी पसंत आहे. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत ‘सहायक सरकारी अभियोक्ता’ हे पद असते, म्हणजे तो केवळ कोशात पडून राहिलेला नाही. पण त्यात खटला गृहीत आहे. याच पदावरच्या रॉबर्ट हर यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये जो बायडेन यांच्याकडील गोपनीय कागदपत्रांविषयीचा अहवाल दिला आणि खटला भरू नये असे त्यात म्हटले. त्यांना अभियोक्ता म्हणायचे तर अभियोगच नसलेला अभियोक्ता म्हणावे लागेल. नियमांनुसार खटला का भरला आणि का भरला नाही, या दोन्हींचे स्पष्टीकरण देणारा गोपनीय अहवाल अ‍ॅटर्नी जनरलना देणे हे त्याचे कर्तव्य आहे. वर ‘अभियोक्ता’ आणि ‘महाअभियोग’ हे शब्द एकाच बातमीत आले की वाचकाला वाटते हाच माणूस महाअभियोग चालवणार. महाअभियोग ही काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, गोष्ट; या माणसाचा तिच्याशी थेट संबंध नाही. (जाता जाता: तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलना ‘महान्यायवादी’ म्हणू नये. आपले महान्यायवादी मंत्री नसतात; अमेरिकेतले मंत्रिमंडळात बसतात आणि न्याय खाते चालवतात.)

राहिला ‘विशेष वकील’. तो सर्वांत फिका वाटतो, आणि माझे मत त्याच्याच बाजूने आहे.

वकील म्हटले की आज काळा कोट दिसतो. पण फारसीच्या वाटेने आलेला हा मूळ अरबी शब्द पेशवाईच्या कागदांत भेटतो तो कचेरीत नव्हे, दरबारात. निजामाकडचे गोविंदराव काळे किंवा दिल्लीतले हिंगणे हे पेशव्यांचे वकील कोणाचे खटले लढवत नव्हते. धन्याच्या वतीने बोलणे, तहाची बोलणी करणे, तिकडची बातमी इकडे कळवणे ही त्यांची कामे. ‘वतीने’ हा या शब्दाचा गाभा आहे. वकिलाच्या हाती जे बळ असते ते पाठवणाऱ्याचे असते, आणि म्हणून वकिलाविषयी पहिला प्रश्न नेहमी ‘तुला पाठवले कोणी?’ हाच असतो. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलमकडून पेशव्यांच्या नावे ‘वकील-इ-मुतलक’ हे पद मिळवले आणि त्यांचे नायब म्हणून स्वतः कारभार हाती घेतला. मुतलक म्हणजे बिनशर्त, पूर्ण अधिकाराचा. १७९२ मध्ये त्या पदाची वस्त्रे घेऊन ते पुण्यात आले तेव्हा दरबारात कुरबूर झालीच. देणाऱ्या बादशहाच्या हाती तरी देण्यासारखे काय उरले होते, ही शंका त्या काळी कोणाला सुचत नसेल असे नाही.

हीच शंका १५ जुलै २०२४ रोजी फ्लोरिडातील न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी ९३ पानांत मांडली. जॅक स्मिथ यांना अ‍ॅटर्नी जनरल मेरिक गारलंड यांनी १८ नोव्हेंबर २०२२ रोजी विशेष वकील म्हणून नेमले होते, आणि त्यांनी ट्रम्प यांच्यावर गोपनीय कागदपत्रांच्या प्रकरणात आरोप ठेवले होते. कॅनन यांचे म्हणणे असे की, असा अधिकारी नेमण्याचा अधिकार काँग्रेसने कोणत्याही कायद्याने अ‍ॅटर्नी जनरलना दिलेलाच नाही, तेव्हा नेमणूक अवैध आणि खटलाही रद्द. मराठी बोलीत सांगायचे तर, वकीलपत्रावर सही होती. सही करणाऱ्यालाच वकीलपत्र देण्याचा हक्क नव्हता. याच्या बरोबर उलट निकाल वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये रॉबर्ट मलर यांच्या नेमणुकीबाबत दिला होता; २०१६ च्या निवडणुकीतील रशियाचा हस्तक्षेप आणि ट्रम्प यांच्या प्रचारपथकाचे रशियाशी संबंध तपासणारे विशेष वकील ते हेच. कॅनन यांची नेमणूक ट्रम्प यांनीच केली होती याकडे एका बाजूने बोट दाखवले. दुसऱ्या बाजूने दोनच आठवडे आधीच्या, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांच्या स्वतंत्र मताकडे, ज्यात हीच शंका होती. अपिलात निकाल लागण्याआधी निवडणूक झाली, ट्रम्प जिंकले, आणि त्यांच्याविरुद्धचे हे अपील, तसेच स्मिथ यांनीच भरलेला २०२० च्या निवडणुकीबाबतचा दुसरा खटला, नोव्हेंबर २०२४ मध्ये मागे घेण्यात आले.

या वादात ‘इन्फिरिअर ऑफिसर’ हा राज्यघटनेतला शब्द वारंवार येतो आणि मराठीत त्याचे ‘कनिष्ठ अधिकारी’ होते. ते दिशाभूल करणारे आहे. इथे वय, पगार किंवा हुद्द्याचा प्रश्न नाही. ज्याच्या कामावर, राष्ट्राध्यक्षांनी नेमून सिनेटने मान्य केलेल्या वरिष्ठाची देखरेख असते तो, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालात आहे. आपल्या शासकीय मराठीतला ‘अधीनस्थ’ तिथे चपखल बसतो. विशेष वकिलावर रोजची देखरेख नसते, पण अ‍ॅटर्नी जनरल त्याचे पाऊल अडवू शकतात आणि गैरवर्तन, कर्तव्यात कसूर, हितसंबंध अशा कारणांसाठी त्याला काढूही शकतात. एका समर्थकाला यात स्वातंत्र्य दिसते, दुसऱ्याला ताबेदारी; ‘वकील’ हा शब्द दोन्ही शक्यता उघड्या ठेवतो, म्हणून मी तो सुचवतो. बातमीत पहिल्यांदा येईल तिथे ‘न्याय खात्याने नेमलेले विशेष वकील’ असे लिहावे, म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव सोबत राहील. १९८३ पर्यंतच्या पदाला ‘विशेष अभियोक्ता’ आणि १९९९ पर्यंतच्या पदाला ‘स्वतंत्र वकील’ म्हणावे.

आणखी दोन शब्दांनी मराठी वाचकाला याच प्रकरणात चकवले आहे, त्यांचा उल्लेख न करता पुढे जाववत नाही. रॉबर्ट मलर (आपल्याकडे ‘म्युलर’ छापतात, त्यांचा स्वतःचा उच्चार ‘मलर’ असा होता) यांच्या २०१९ च्या अहवालाबद्दल ‘संगनमत सिद्ध झाले नाही’ असे मथळे आले. इंग्रजीत ‘कोल्यूजन’ हा राजकारण्यांचा आणि वाहिन्यांचा शब्द होता. अहवालाने तो कायद्याचा शब्द नाही म्हणून बाजूला ठेवला आणि ‘कट’ रचल्याचा पुरावा आहे का हे तपासले. मराठीत मात्र ‘संगनमत’ पोलीस ठाण्यातला रोजचा शब्द आहे. ‘आरोपींनी आपसांत संगनमत करून’ हे फिर्यादीतले वाक्य म्हणजे दंड संहितेचे कलम ३४ लागणार याची खूण असे. त्यामुळे आपल्या वाचकाला तो मथळा न्यायालयीन निष्कर्षासारखा ऐकू आला. तिथे ‘साटेलोटे’ हा शब्द हवा होता, कारण साटेलोटे कोणत्याच कलमात बसत नाही.

दुसरा शब्द ‘एक्झॉनरेट’. राष्ट्राध्यक्षांनी गुन्हा केला असा निष्कर्ष अहवाल काढत नाही, पण त्यांना ‘एक्झॉनरेट’ही करत नाही, अशा आशयाचे वाक्य मलर यांनी न्यायाच्या कामात अडथळा आणल्याच्या आरोपाविषयी लिहिले, अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार यांनी २४ मार्च २०१९ च्या चार पानी पत्रात ते उद्धृत केले, आणि त्याच दिवशी ट्रम्प यांनी आपण पूर्णपणे ‘एक्झॉनरेट’ झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडे याचे ‘निर्दोष मुक्तता’, ‘दोषमुक्त’ आणि अर्थात ‘क्लीन चिट’ झाले. पहिले दोन्ही शब्द न्यायालयाच्या आदेशाचे आहेत, आणि इथे राष्ट्राध्यक्षांपुरते प्रकरण न्यायालयात गेलेच नव्हते. जुन्या मराठीतला ‘निर्वाळा’ इथे नेमका उपयोगी पडतो: अहवाल त्यांना दोषी म्हणत नाही, पण ते निर्दोष असल्याचा निर्वाळाही देत नाही.

शेवटी ‘विच हंट’. ‘चेटकिणीची शिकार’ हे शब्दशः भाषांतर मराठीत निर्जीव पडते. ‘सूडाची कारवाई’ रूढ आहे, पण सूड खऱ्या गुन्ह्याचा आधार घेऊनही उगवता येतो. ‘विच हंट’मध्ये गुन्हाच काल्पनिक असल्याचा दावा आहे. ‘बालंट’ त्याच्या बरेच जवळ जाते. संपादकांना मात्र ‘चौकशीचा ससेमिरा’ फार आवडतो. ससेमिरा कुठून आला ते सांगतो. जुन्या कथेत वाघाच्या भीतीने झाडावर चढलेल्या राजपुत्राला अस्वलाने आसरा दिला, आणि राजपुत्राने ते झोपलेले असताना त्याला खाली ढकलले; अस्वल बचावले, पण त्याच्या शापाने राजपुत्र ‘स-से-मि-रा’ एवढीच अक्षरे बडबडत राहिला. ती अक्षरे चार श्लोकांची आद्याक्षरे निघाली, आणि त्यांतला एक श्लोक मित्रद्रोहाच्या पापाचाच आहे. ट्रम्प यांच्या तोंडी घालायला शब्द शोधताना ससेमिरा म्हणूनच टाळावा. अस्वलाची फिर्याद त्यात आधीच नोंदवलेली आहे.