सही करण्याआधी नकाशा बघ

प्रिय पोरी,

दामोदर नाट्यगृह गेलं, आता आपली चाळही जाणार, मग परळ-लालबागमध्ये आपलं म्हणून काय उरलं, असं तू पत्रात विचारलंस. आईबाबांनी पुनर्विकासाच्या संमतीवर सही करू नये म्हणून घरात भांडतेस, हेही कळलं. आईला सही करू दे. दहा बाय बाराच्या खोलीत तिने संसार केला. पावसाळ्यात छताखाली बादल्या मांडल्या, सकाळी गॅलरीच्या टोकाला संडाससाठी रांगेत उभी राहिली. घरात स्वतःचा संडास हवा म्हणणाऱ्या बाईला जुन्या दिवसांच्या आठवणी सांगून अडवू नये. तुझा राग खरा आहे, पण तो घरात काढू नकोस.

दामोदर नाट्यगृह 1922 चं. कामगार नेते ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं. 2023 मध्ये पुनर्विकासासाठी ते बंद झालं तेव्हा रंगकर्मी रस्त्यावर उतरले आणि जो तो तिथे पाहिलेल्या मोठ्या नटांच्या आठवणी सांगू लागला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र कोकणातली मंडळं येतात. गुहागर, संगमेश्वर, लांज्याचे चाकरमानी. गिरणीतली पाळी संपवून गाववाल्यांच्या खोलीत नाहीतर गच्चीवर तालीम करायचे आणि मग दामोदरला नमन किंवा शक्ती-तुरा, या आपल्या कोकणातल्या लोककला, लावायचे. तिकिटं मंडळातलीच पोरं पाहुण्यांत, कामावरच्या लोकांत खपवायची. जमलेला पैसा गावच्या देवळाला, शाळेच्या खोलीला जायचा. नमनातला संकासुर मंचावर आला की अख्खी वाडी त्याला नावाने ओळखायची, कारण मुखवट्यामागचा माणूस शेजारच्या खोलीत राहणारा असे. हे सगळं चाललं ते भाडं परवडत होतं म्हणून, आणि घरून चालत जाता येत होतं म्हणून. जुनी वास्तू सुंदर होती, तिच्याबद्दल हळहळ वाटणारच. पण वाचवायचं झालं तर ते परवडणं आणि ते चालत जाणं वाचवायला हवं.

गिरण्यांचं काय झालं हे तू ऐकलं आहेसच. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बहुतेक परत साच्यावर, म्हणजे मागावर, गेलेच नाहीत. पुढचं कमी लोक सांगतात. 1991 च्या नियमाप्रमाणे विकासाला निघालेल्या गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम असा बदलला की हिशेब फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचा धरायचा. गिरणीत मोकळी जमीन असते किती? शहराचा वाटा तिथेच आक्रसला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2006 मध्ये बदललेला नियमच कायम राहिला. एवढी मैदानं, एवढी घरं गेली ती कागदावरच्या काही शब्दांनी. म्हणून तुला कागद वाचायला सांगतोय.

बिल्डरच्या माहितीपत्रकात क्लब, जिम, बहुउद्देशीय हॉल असं सगळं असतं. तू नकाशा मागव आणि बघ, तो हॉल पुनर्वसनाच्या इमारतीत आहे की विक्रीच्या. विक्रीच्या इमारतीत असेल तर तो वापरायचा हक्क जुन्या भाडेकरूंना मिळेल की नाही, ते करारात स्पष्ट लिहून घ्यायला लाव. तोंडी आश्वासनावर कुणालाही विसंबू देऊ नकोस. दरमहा देखभाल खर्च किती येणार आणि कॉर्पस, म्हणजे त्या खर्चासाठी बिल्डरने द्यायचा निधी, किती मिळणार, हेही विचार. खर्च न झेपून लोकांनी नवी घरं भाड्याने देऊन बदलापूर-विरार गाठलं, तर हॉल असून तालमीला येणार कोण?

आणि एक खोली माग. मंच नको, रोषणाई नको. पंधरा-वीस माणसं उभी राहून हातपाय हलवू शकतील, ढोलकी वाजली तर वर कुणाची झोप मोडणार नाही, अशी. रात्री दहापर्यंत, रहिवाशांना फुकट. नाट्यगृहाची तारीख महिन्यातून एकदा लागते, तालमीला जागा रोज लागते. आमच्या पिढीची नाटकं, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेतलीसुद्धा, अशाच मागून घेतलेल्या खोल्यांत उभी राहिली. आज तुझ्या वयाची मुलं तालमीच्या हॉलला तासावर पैसे मोजतात, आणि कितीतरी चांगली एकांकिका तिथेच थांबते. मला याचं फार वाईट वाटतं.

सर्वसाधारण सभेत एकटी उभी राहू नकोस. चाळीतल्या भजनी मंडळाला, गणेशोत्सवाच्या कार्यकर्त्यांना, मंगळागौर खेळणाऱ्या बायकांना आधी भेट. जागा त्यांनाही लागणारच आहे. नाटकासाठी खोली म्हटलं तर चार हात वर होतील, सगळ्यांसाठी म्हटलं तर चाळीस.

कराराचा मसुदा हाती आला की नकाशाच्या पानांसकट मला पाठव. सभेच्या निदान आठवडाभर आधी, म्हणजे माझ्या ओळखीच्या वकिलांना दाखवता येईल. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका