सोलापुरातून समुद्रापार : १६० मीटर बँडच्या शंका

हॅम रेडिओच्या, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओच्या, १६० मीटर बँडवर, म्हणजे १.८ मेगाहर्ट्झच्या आसपास, आपल्या जिल्ह्यातून समुद्रापलीकडे संपर्क कसा साधावा, याबद्दल बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक शंका आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : माझ्याकडे १०० वॅटचा रिग (रेडिओ संच) आहे. रात्री तासन्‌तास कॉल देतो, पण दक्षिण भारतापलीकडून उत्तर येत नाही. ऑस्ट्रेलिया गाठायचा तर किती वॅट लागतील? (जुळे सोलापूर)

उत्तर : वॅट वाढवण्याआधी घड्याळ बघा. दिवसा उन्हाने तयार होणारा वरच्या वातावरणाचा डी थर या लहरी गिळून टाकतो. त्यामुळे दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या वाटेवर अंधार असेल तेव्हाच संपर्काची आशा असते. सोलापूर ते पर्थ हे अंतर सुमारे ७,००० किलोमीटर आणि दिशा १४२ अंश, म्हणजे आग्नेय. १ मार्चच्या सुमारास आपला सूर्यास्त ६.३२ला होतो. तेव्हा पर्थला अंधार पडलेला असतो. तिथला सूर्योदय आपल्या घड्याळाने पहाटे ३.३५ला. संपर्काची एवढीच खिडकी आहे. त्यानंतर थोड्याच वेळात कॉल वाया जाऊ लागतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ही खिडकी आणखी लवकर, पहाटे २.३७लाच बंद होते.

या खिडकीतही सगळा वेळ सारखा नसतो. आपल्या सूर्यास्तानंतरचा अर्धा-पाऊण तास आणि पर्थच्या सूर्योदयाआधीचा अर्धा तास हे दोन काळ जास्त फळतात. दुसरा अधिक भरवशाचा, कारण तोवर शहरातले बरेचसे दिवे आणि चार्जर बंद झालेले असतात.

ऋतूचे म्हणाल, तर जूनमध्ये अंधार भरपूर, पण आपल्याकडे पावसाळी विजांचा कडकडाट. एप्रिल-मे वळवाचा. आमच्या मते फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा महिना पर्थसाठी सर्वांत चांगला.

आंधळेपणाने कॉल देण्याऐवजी समोरच्या हॅमशी ई-मेलने वेळ ठरवून घ्या. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहा, फ्रिक्वेन्सी दहा हर्ट्झपर्यंत नक्की करा, आणि पहिली दोन मिनिटे कोण पाठवणार, पुढची दोन कोण, हेही ठरवा. मोर्स असेल तर मिनिटाला १२ ते १५ शब्दांपेक्षा वेग नको. दोघांची कॉलसाइन (केंद्राचे सांकेतिक नाव), सिग्नल कसा आला याचा रिपोर्ट आणि ‘मिळाले’ अशा अर्थाचा शेवटचा ‘आर’ एवढे दोन्ही बाजूंना मिळाले की संपर्क पूर्ण. हवापाण्याच्या गप्पांत विझत चाललेला सिग्नल दवडू नका. एफटी८ या संगणकावरून संदेश पाठवण्याच्या पद्धतीची नेहमीची डायल फ्रिक्वेन्सी १८४० किलोहर्ट्झ आहे, पण पाठवण्यापूर्वी आपल्या परवान्याच्या परिशिष्टात कुठून कुठपर्यंत मुभा आहे ते वाचा. ती जागा हद्दीबाहेर असेल तर तिथे फक्त ऐकायचे.

प्रश्न : पर्थ अवघड वाटते. त्याहून सोपी समुद्रापारची दिशा कोणती? (पंढरपूर)

उत्तर : डिसेंबरात मॉरिशस आणि रियुनियन. सोलापूरहून मॉरिशस सुमारे ४,६६० किलोमीटर, दिशा २०६ अंश, आणि सोलापूर-पंढरपूर अंतराने या हिशेबात काही बिघडत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो. दिवस-रात्रीची सीमारेषा त्याला काटकोनात, म्हणजे २०५ अंशांवर पडते. थेट मॉरिशसच्या वाटेवर! सोलापूरचा सूर्योदय ६.५४ला आणि मॉरिशसचा आपल्या घड्याळाने ६.५८ला. दोन्ही टोकांची पहाट एकाच वेळी फुटते आणि दोन्हीकडचा सूर्योदयाचा फायदा एकमेकांत मिळतो. ६.२५ला ऐकायला बसा, ७.०५पर्यंत उठू नका. जूनमध्ये हीच जुळणी सूर्यास्ताला होते, पण ती विजांच्या आवाजात बुडते.

बेटावर या बँडवर बसणारे हॅम थोडे आहेत, तेव्हा इथेही वेळ ठरवून घेणे आलेच.

प्रश्न : १५ मीटर उभी आणि २५ मीटर आडवी अशी इन्व्हर्टेड-एल (उलट्या एल आकाराची) अँटेनाची तार लावली आहे. सुरुवातीला १० मीटरचे चार रेडियल (अँटेनाच्या बुडापासून जमिनीवर पसरलेल्या तारा) होते, एसडब्ल्यूआर (रिग आणि अँटेना किती जुळतात याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.१ होता. सल्ल्यानुसार रेडियल वाढवले तर तो २.२ झाला. जास्तीचे काढून टाकू का? (मोहोळ)

उत्तर : मुळीच काढू नका. तुमची अँटेना आता सुधारली आहे.

१.८३ मेगाहर्ट्झवर १५ मीटर उभ्या भागाच्या अशा अँटेनाचा विकिरण रोध, म्हणजे लहरी हवेत सोडण्याशी निगडित रोध, साधारण १२ ओम असतो. आधी तुमच्या मीटरला ५० ओम दिसत होते, म्हणजे उरलेले ३८ ओम जमिनीतला तोटा होता. १०० वॅटपैकी जेमतेम २४ वॅट हवेत जात होते, बाकीचे माती तापवत होते. आता मीटरला २२ ओम दिसत असतील, तर तोटा १० ओमवर आला आणि ५५ वॅट बाहेर पडतात. हा साडेतीन डेसिबलचा फायदा आहे; जुन्याच रेडियलवर तो मिळवायला सव्वादोनशे वॅटचा अॅम्प्लिफायर लागला असता. एसडब्ल्यूआर कमी म्हणजे अँटेना चांगली, हा समज या बँडवर फार नुकसान करतो.

आता २२ ओमचे ५० करायचे. आडव्या तारेचे टोक साधारण एक मीटर आखूड करा, म्हणजे फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) सुमारे २५ ओमची कपॅसिटिव्ह रिअॅक्टन्स येईल. मग फीडपॉइंटवर, अँटेना आणि रेडियलच्या मध्ये, ३.९ मायक्रोहेन्रीची कॉइल समांतर जोडा. ६३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर दोन मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे ९ वेढे, ५० मिलिमीटर लांबीत पसरून घेतले की ४ मायक्रोहेन्रीच्या आसपास मूल्य मिळते. वेढे थोडे लांबवले की ते कमी होते. एसडब्ल्यूआर १.२च्या आत आला की पुरे. ही कॉइल तारेवर साठणारी स्थिर वीजही जमिनीत सोडते; वळवाच्या दिवसांत त्याचा उपयोग होतो. पण ती वीज पडण्यापासूनचे संरक्षण नव्हे. ढग दिसले की कोअॅक्स (रिगकडून अँटेनाकडे जाणारी केबल) काढून घराबाहेर ठेवायचीच.

रेडियल किती? १५ मीटरचे २४ पुरेसे आहेत. घरगुती वायरिंगच्या एक चौरस मिलिमीटर तारेची ९० मीटरची चार बंडले त्याला लागतात. एकच लोखंडी सळई ठोकून भागत नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईपासून सुटते. माती पातळ असेल तिथे खाली लगेच मुरूम आणि काळा पाषाण लागतो. तारा जमिनीवर अंथरून खुंट्यांनी दाबल्या तरी चालते, फक्त नांगर आणि कुळवाच्या वाटेत नकोत. आडव्या तारेच्या टोकाला पाठवताना हजारो व्होल्ट असतात, ते माणसाच्या हाताला लागणार नाही इतके उंच बांधा.

प्रश्न : घराशेजारी यंत्रमाग आहेत. १६० मीटर बँडवर रिगच्या सिग्नल-मीटरचा काटा गोंगाटामुळे एस-९ या जोरदार पातळीच्या खाली येत नाही. (अक्कलकोट रोड)

उत्तर : आधी स्वतःच्या घराचा मेन स्विच बंद करून रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. गोंगाट पडला तर दोषी घरातच आहे, बहुधा एलईडी दिवा, चार्जर किंवा सोलर इन्व्हर्टर. एकेक एमसीबी चालू करत शोधा. गोंगाट तसाच राहिला तर खिशातला ट्रान्झिस्टर मध्यम लहरींच्या वरच्या टोकाला, रिकाम्या जागी लावून गल्लीत फिरा. रेडिओ फिरवताना आवाज सर्वांत कमी होतो, तेव्हा त्याची आतली फेराइट कांडी गोंगाटाच्या दिशेकडे रोखलेली असते. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसणारे उंचवटे हे स्विचिंग पॉवर सप्लायचे लक्षण. सलग खरखर १०० हर्ट्झची असेल तर विजेच्या खांबावरचा सैल जोड किंवा तडकलेला इन्सुलेटर. मागांच्या मोटारींना व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह असतील तर गोंगाट पाळीबरोबर सुरू होतो आणि पाळीबरोबर संपतो. तसे असेल तर तुमची वेळ पाळी सुटल्यानंतरची.

ऐकण्यासाठी वेगळी अँटेना लावा. घरापासून शक्य तितकी दूर, जमिनीवरच १८ मीटर तारेचा चौकोन अंथरा. बीएन-७३-२०२ या फेराइट कोअरवर तारेच्या बाजूला ६ आणि कोअॅक्सच्या बाजूला २ वेढे घ्या. दोन्ही गुंडाळ्या एकमेकींना जोडू नका, जोडल्या की कोअॅक्सच्या वेष्टनावरून घरातला गोंगाट अँटेनात शिरतो. सिग्नल फार बारीक येईल, १५-२० डेसिबलचा प्रीअॅम्प (सिग्नल मोठा करणारे यंत्र) लागेल. काटा किती उचलला जातो ते पाहू नका, गोंगाटावर सिग्नल किती उठतो ते पाहा.

शेत असेल तर याहून मोठी गोष्ट करता येते : बांधावर बांबूंवरून दोन मीटर उंचीची १६० मीटर लांब बेव्हरेज तार, म्हणजे एका दिशेकडून ऐकणारी लांब, बुटकी अँटेना. पर्थसाठी आग्नेयेकडच्या टोकाला ४५० ओमचा रोध लावून तो जमिनीत सोडा, कोअॅक्स वायव्येच्या टोकाला. भेगांच्या दिवसांत एका सळईऐवजी दोन-तीन ठोका आणि मुळाशी पाणी घाला. डिसेंबर १९२१मध्ये अमेरिकेच्या ग्रीनिच गावातून १बीसीजी या हौशी केंद्राने सुमारे २३० मीटरवर पाठवलेले संकेत पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रोसनला टिपले, ते बेव्हरेजवरच.

प्रश्न : डब्ल्यूएसपीआरवर (अगदी बारीक सिग्नल संगणकाने ओळखण्याची पद्धत) रात्रभर ऐकतो. पडद्यावर सिग्नलच्या रेषा दिसतात, पण एकाही केंद्राचे नाव उमटत नाही. (पंढरपूर रोड)

उत्तर : बहुधा संगणकाचे घड्याळ चुकलेले आहे. प्रत्येक प्रसारण सम मिनिटानंतर एका सेकंदाने सुरू होऊन ११०.६ सेकंद चालते. घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर हवे. इंटरनेट नसेल तर यूएसबी जीपीएस लावा. डायल १८३६.६ किलोहर्ट्झ, रिगचा मोड अप्पर साइडबँड. नॉइज ब्लँकर बंद. लोकेटर (आपल्या ठिकाणाचा नकाशावरील सांकेतिक चौकोन) एमके७७ लिहा.

या साधनाचा खरा उपयोग योजनेसाठी आहे. डब्ल्यूएसपीआर गोंगाटाच्या तुलनेत उणे २८ डेसिबलपर्यंतचा सिग्नल वाचते, एफटी८ सुमारे उणे २१पर्यंत, आणि सरावलेल्या कानाला मोर्स उणे १५च्या आसपास. समजा १ वॅटवर पाठवून पर्थहून उणे २०चा रिपोर्ट आला. १०० वॅटला त्यात २० डेसिबल मिळतात, म्हणजे शून्य. मोर्स आरामात निघेल. उणे २८ आला तर १०० वॅटला उणे ८, तरीही जमेल. सलग आठवडाभराचे आकडे मिनिटांसह लिहून ठेवले की खिडकी कुठे उघडते ते आपोआप दिसते.

प्रश्न : ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झवर हीच तार वापरता येईल का? (बार्शी)

उत्तर : परवान्यात हा बँड असेल तरच. २०१२च्या जागतिक रेडिओ परिषदेने तो दुय्यम तत्त्वावर, साधारणपणे १ वॅट ईआयआरपीच्या (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या प्रभावी शक्तीच्या) मर्यादेत दिला. मोहोळच्या तारेचा आडवा भाग २५ऐवजी ४० मीटर केला, तर ती सुमारे २९० पिकोफॅरड धरते. ४७५ किलोहर्ट्झला जुळवायला ३९० मायक्रोहेन्रीची कॉइल लागेल. विकिरण रोध ०.७ ओमच्या आसपास. जमिनीचा तोटा ४० ओम धरला तर कार्यक्षमता पावणेदोन टक्के, आणि सुमारे २० वॅटमध्येच मर्यादा गाठली जाते.

प्रश्न : न्यूयॉर्क शक्य आहे का? (होटगी रोड)

उत्तर : आहे, पण कठीण. अंतर सुमारे १२,८०० किलोमीटर, दिशा ३३५ अंश, आणि वाट ६६ अंश उत्तरेपर्यंत चढते, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातून जाते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा के निर्देशांक ० किंवा १ असा सलग दोन-तीन दिवस राहिला तरच बसा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्हीकडे अंधार आपल्या पहाटे ३.०१ ते ६.५४ असतो, त्यातला सूर्योदयाआधीचा अर्धा तास चुकवू नका.